देवघेवीच्या वहीत काय लिहिलेले नसते?

सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाला दरवर्षी शासनाकडे अहवाल पाठवावा लागतो. ग्रंथ किती, वर्षभरात भर किती पडली, नियतकालिके किती येतात, सभासद किती, वाचनालय रोज किती तास उघडे असते, जमा किती आणि खर्च किती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याखालच्या नियमांनुसार वाचनालयांना 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग मिळतात आणि वर्ग पाहून अनुदान ठरते. त्यामुळे या आकड्यांना महत्त्व आले, हे साहजिक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांत, वणी-पुसदसारख्या मोठ्या गावांपासून झरी-जामणीपर्यंत, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला याच चाकोरीतून जावे लागते.

आमचा आक्षेप या आकड्यांवर नाही. आक्षेप आहे तो असा, की या आकड्यांत एकही प्रश्न नाही. प्रयोगशाळेत रोज सकाळी तापमान लिहून ठेवणे म्हणजे संशोधन नव्हे. मंगळवारी ते का चढले, असे कुणीतरी विचारले की संशोधनाला सुरुवात होते. आपल्या वाचनालयांत तापमान लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे इमाने इतबारे चालू आहे. विचारण्याचे काम मात्र कुणाकडेच सोपवलेले नाही.

२०१२ साली राज्यातल्या वाचनालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली. नुसती कागदावर चालणारी वाचनालये उघडकीस आली, हे बरेच झाले. पण तपासले काय? पुस्तके आहेत का, फलक आहे का, दार उघडे असते का. वाचक हात हलवीत परत जातो का, हे तपासणे तलाठ्याच्या कामात बसत नव्हते, आणि त्यात त्याचा दोषही नाही. ते ज्याच्या कामात बसते, त्या ग्रंथपालाला कुणी विचारले नाही.

ग्रंथपालाने संशोधन करावे ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले, तिथली अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि परत आल्यावर १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आज ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे पाच सिद्धांत हमखास विचारले जातात आणि विद्यार्थी ते घडाघडा लिहितात. रंगनाथनांनी निरीक्षण केले, तुलना केली, मग सिद्धांत काढले. आपण सिद्धांत घोकतो आणि निरीक्षण सोडून देतो. न्यूटनचे नियम पाठ असलेल्या विद्यार्थ्याने कधी गोटी घरंगळवून पाहिली नसावी, तसला हा प्रकार आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना तो अनोळखी वाटणार नाही.

त्याही आधी, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात फिरती ग्रंथालये खेडोपाडी जात होती. तिथून १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक निघे. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. म्हणजे ग्रंथपालांनी आपल्या कामाविषयी मराठीत लिहावे, एकमेकांना सांगावे, ही सोय शंभर वर्षांहून आधी झाली होती.

आता नुसत्या मोजणीतून प्रश्न कसा उभा राहतो याचे एक उदाहरण पाहू. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयात सॅम्युअल ब्रॅडफर्ड हे ग्रंथपाल होते. एखाद्या विषयावरचे सगळे लेख मिळवायचे तर किती नियतकालिके घ्यावी लागतील, अशी त्यांची व्यवहारातली अडचण होती. त्यांनी उपयोजित भूभौतिकी हा विषय घेतला आणि कोणत्या नियतकालिकात त्यावरचे किती लेख आले ते मोजले. एकूण ३२६ नियतकालिकांत १,३३२ लेख निघाले. जास्त लेख देणाऱ्यांपासून सुरुवात करून त्यांनी नियतकालिके ओळीने मांडली. पहिल्या नऊ नियतकालिकांतच ४२९ लेख होते. पुढचे ४९९ लेख ५९ नियतकालिकांत विखुरले होते. उरलेल्या ४०४ लेखांसाठी मात्र २५८ नियतकालिके पालथी घालावी लागत होती. लेखांचे साधारण सारखे तीन भाग केले, तर प्रत्येक भागासाठी लागणारी नियतकालिके ९, ५९, २५८ अशी वाढत जातात. पहिली वाढ सुमारे साडेसहापट, दुसरी सुमारे साडेचारपट. ढोबळमानाने पाचेक पट. १९३४ साली ब्रॅडफर्ड यांनी हे प्रसिद्ध केले आणि आज ते त्यांच्याच नावाने नियम म्हणून शिकवले जाते. या कामाला लागले काय? कागद, पेन्सिल, चिकाटी आणि एक नेमका प्रश्न. अकरावीच्या विद्यार्थ्यांना भूमिती श्रेढी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. पुस्तकी श्रेढीत गुणोत्तर अगदी सारखे असते, इथे नाही, आणि खऱ्या मापनात असेच होते हेही त्या निमित्ताने सांगता येईल.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली विकत घेतलेल्या पुस्तकांचे पुढे काय झाले ते पाहिले. सुमारे ४० टक्के पुस्तके पुढच्या सहासात वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. १९७९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर मोठी खळबळ उडाली. निवड करणारे प्राध्यापक रागावले, मोजण्याच्या पद्धतीवर टीका झाली. झाली ते योग्यच. पण वाद आकड्यावर झाला, मोठेपणावर किंवा पदावर नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

असा अभ्यास आपल्या तालुक्याच्या वाचनालयात करता येईल का? येईल, आणि संगणकावाचूनही येईल. समजा वाचनालयात वीस हजार पुस्तके आहेत. सगळी तपासण्याची गरज नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. एक ते पन्नास या आकड्यांच्या चिठ्ठ्या करून एक उचलावी. समजा १७ निघाला. मग १७, ६७, ११७ अशी दर पन्नासावी नोंद घेत जावे. चारशे पुस्तकांचा नमुना तयार झाला. ही पुस्तके कपाटातून काढून शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची सर्वांत अलीकडची तारीख लिहून घ्यावी. चारशेपैकी समजा एकशे साठ पुस्तके गेल्या पाच वर्षांत हलली नाहीत, तर प्रमाण झाले ४० टक्के. चारशेच्या नमुन्यात चूक साधारण पाच टक्के इकडे किंवा तिकडे असते. म्हणजे खरे प्रमाण ३५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान आहे, असे शंभरांतून पंच्याण्णव वेळा बरोबर ठरणारे विधान आपण करू शकतो. इतका वेळ नसेल तर शंभर पुस्तके घ्या. चूक दहा टक्क्यांपर्यंत जाईल, पण अंदाज येईल. दाखल क्रमांक खरेदीच्या क्रमाने चढत जात असल्यामुळे या नमुन्यात जुनी-नवी पुस्तके आपोआप योग्य प्रमाणात येतात, हा आणखी एक फायदा.

खरी मजा मात्र खड्ड्यांत आहे. पुस्तकाची बांधणी नव्याने केली की जुनी चिठ्ठी जाते, आणि सर्वांत जास्त वाचलेलीच पुस्तके पुन्हा बांधावी लागतात. तेव्हा कोरी चिठ्ठी म्हणजे न वाचलेले पुस्तक, असे मानले तर निष्कर्ष उलटाच निघेल. वाचनालयातच बसून वाचलेल्या पुस्तकाची कुठेच नोंद होत नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तके दिवसभर टेबलावर असतात आणि देवघेवीच्या वहीत त्यांचा पत्ता नसतो. नमुन्यातली काही पुस्तके कपाटात सापडतच नाहीत. ती वगळून पुढे जाऊ नये, 'सापडले नाही' असा वेगळा रकाना करावा. तो रकाना फुगला तर तोच अभ्यासाचा पहिला निष्कर्ष समजावा. शिवाय सभासदत्व एकाचे आणि वाचणारे तिघे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. घरातल्या बाई कादंबऱ्या वाचतात आणि वहीत नाव यजमानांचे. अशा वहीवरून 'आमच्या गावात स्त्रिया वाचत नाहीत' असा निष्कर्ष कुणी काढला, तर दोष वाचणाऱ्या बाईंचा नव्हे.

एक पथ्यही पाळायला हवे. कोणी काय वाचले हे वाचकाचे खाजगी आहे. अभ्यासासाठी नोंद घेताना पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख पुरते. सभासदाचे नाव उतरवून घेऊ नये. लहान गावात तर नाव वगळूनही माणूस ओळखू येतो, एवढे भान ठेवावे.

हे सर्व झाल्यावर एक ४० टक्क्यांचा आकडा हाती येतो आणि इथेच मोठा धोका आहे. कार्यकारिणीतले कुणी उत्साही गृहस्थ लगेच म्हणतील, जी हलत नाहीत ती रद्दीत काढा. जागेची टंचाई खरी आहे, आणि जुनी मार्गदर्शके, कालबाह्य कायद्यांची पुस्तके बाद करायला आमची हरकत नाही. पण वापर म्हणजेच मोल, असे समीकरण मांडायचे तर यवतमाळकरांनी ते आपल्याच गावातल्या एका संस्थेशी ताडून पाहावे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यशवंत खुशाल देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रमाच्या द्वारे हस्तलिखिते आणि इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम केले. १९२५ साली त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ आला. महानुभाव पंथाच्या पोथ्या शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात होत्या. पंथाबाहेरच्या माणसाला त्या वाचताच येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले आणि मराठीतल्या अगदी आरंभीच्या गद्याचा खजिना अभ्यासकांपुढे खुला झाला. चिठ्ठीवरच्या तारखेचा निकष त्या पोथ्यांना लावला असता तर एकही वाचली नसती. न हललेले पुस्तक निरुपयोगी आहे की त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मोजणी त्यांतला फरक सांगत नाही. तो सांगण्यासाठी ग्रंथ ओळखणारा माणूस लागतो. म्हणूनच हा अभ्यास बाहेरच्या तपासनीसाने न करता ग्रंथपालाने करावा, असा आमचा आग्रह आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांतल्या अनेकांवर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली कपाशी, उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची पद्धत, तोंडाला नुसता रुमाल, अशी कारणे पुढे आली. त्यावर बरेच लिहून झाले आहे. आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच. त्या तीन-चार महिन्यांत जिल्ह्यातल्या वाचनालयांत फवारणीबद्दल कुणी काही विचारायला आले होते का? आले असेल तर काय विचारले, आणि त्याच्या हातात काय पडले? हे कळण्याचा मार्ग नाही, कारण अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही. देवघेवीची वही दिलेल्या पुस्तकाची नोंद ठेवते. न मिळालेल्या पुस्तकाची, न मिळालेल्या उत्तराची नोंद ती ठेवत नाही.

वाचनालयात नोंद असती तर माणसे वाचली असती, असा दावा आम्ही करीत नाही. फवारणी करणारे मजूर बहुधा वाचनालयाचे सभासद नसतात, आणि 'ते येतच नाहीत' हे उत्तर आम्हाला अनेकदा ऐकायला मिळते. पण 'येत नाहीत' हेही एक निरीक्षण आहे आणि त्याला 'का' जोडता येतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वाचनालयात एक 'नकाराची वही' ठेवावी. तारीख, काय मागितले, का देता आले नाही, एवढे तीनच रकाने. नाव नको. पुस्तक नव्हते, होते पण बाहेर गेले होते, होते पण इंग्रजीत होते, विषयच कळला नाही, यांपैकी जे असेल ते लिहावे. वर्षाअखेरीस ही वही महिन्यावार मांडली की काही आकृती दिसू लागेल. पेरणीच्या दिवसांत कशाची मागणी होते, बोंडअळीच्या दिवसांत कशाची, दहावीच्या निकालानंतर कशाची. पुढच्या खरेदीच्या यादीला याहून चांगला आधार कोणता? आज यादी कशी होते ते सर्वांना ठाऊक आहे. विक्रेत्याची सवलत आणि कार्यकारिणीची आवड यांवरच तिचा बराचसा भार असतो.

दुसरा एक अभ्यास शिक्षकांनी ग्रंथपालांना सोबत घेऊन करावा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, अशा उतरत्या विषारीपणाने. डब्यासोबत एक पत्रक असते. त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा अशी माहिती द्यावी लागते. अक्षरे मुंगीएवढी आणि घडी चार पदरी. कृषी केंद्रातून अशी पाच-सहा पत्रके आणावीत. गावातल्या दहा-पंधरा फवारणी करणाऱ्यांना, त्यांच्या संमतीने, पत्रक हातात देऊन चार प्रश्न विचारावेत. त्रिकोणाचा अर्थ काय? हे दुसऱ्या औषधात मिसळायचे का? अंगावर सांडले तर आधी काय करायचे? डॉक्टरकडे जाताना सोबत काय न्यायचे? उत्तर बरोबर, चूक की 'वाचता येत नाही', एवढेच लिहायचे. मग तीच माहिती मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत एका पानावर लिहून दुसऱ्या तितक्याच जणांना दाखवायची आणि तेच प्रश्न विचारायचे. दोन्ही गटांची बरोबर उत्तरे शेजारी मांडली की आपल्या पानाचा उपयोग होतो की नाही ते दिसेल. न होण्याचीही शक्यता आहे, आणि तसे झाले तर तेही छापावे. केळापूर, घाटंजी, मारेगाव या भागांत कोलामी, गोंडी आणि पुसद-दिग्रसकडे बंजारा बोली घरात बोलणारी कुटुंबे आहेत. कोलामी, गोंडी या तर द्राविडी कुळातल्या भाषा. तिथे मराठी पानाऐवजी तोंडी सांगणे अधिक उपयोगी पडेल असा आमचा तर्क आहे. पण तो तर्कच आहे, तपासून पाहिलेला नाही.

विद्यापीठांतल्या संशोधनाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी.चे प्रबंध होतात. त्यांतले बरेचसे एकाच साच्याचे: प्रश्नावली वाटायची, 'आपण ग्रंथालयाच्या सेवेबाबत समाधानी आहात काय' असे विचारायचे, टक्केवारी काढायची. समोर ग्रंथपाल उभा असताना 'असमाधानी' वर खूण करणारा विद्यार्थी आम्हाला तरी विरळा वाटतो. शिवाय हे प्रबंध ज्यांच्या कामाबद्दल असतात, त्या तालुक्याच्या ग्रंथपालांपर्यंत ते पोहोचत नाहीत. पाश्चात्त्य देशांत १९९७ च्या सुमारास जोनाथन एल्ड्रेज या वैद्यकीय ग्रंथपालाने पुराव्यावर आधारित ग्रंथपालनाचा विचार मांडला. वैद्यकात जसे उपचाराला पुरावा मागतात तसा ग्रंथालयातल्या निर्णयालाही मागावा, असे त्याचे सूत्र. २००६ पासून या विषयाला वाहिलेले नियतकालिक कॅनडातून निघते आणि ते विनामूल्य वाचता येते. उपक्रम चांगलाच आहे. त्यात इतरांच्या संशोधनाची चिकित्सा करणारी छोटी टिपणे असतात, ती आमच्या विशेष आवडीची. पण वैद्यकातली उतरंड जशीच्या तशी उचलून, यादृच्छिक चाचणी वर आणि ग्रंथपालाचा अनुभव तळाशी, असे मानणे आम्हाला पटत नाही. ज्या वाचनालयात एकच ग्रंथपाल आहे आणि तोच झाडूही मारतो, तिथे पुरावा त्याच्या नजरेतूनच सुरू होणार.

आणि त्याच्या मानधनातूनही, असे कुणी कडवटपणे म्हणेल. ते खरे आहे. खेड्यातल्या ग्रंथपालाला अनुदानातून मिळणारी रक्कम शेतमजुरीशी तुलना करण्यासारखी असते; त्याला 'आता संशोधनही करा' असे सांगणे उद्धटपणाचे वाटू शकते. म्हणून हे काम अनुदानाच्या अटींत घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. अट झाली की नकाराच्या वहीतले नकार रातोरात नाहीसे होतील. सभासदसंख्येचे काय होते ते आपण पाहिलेच आहे. त्यापेक्षा जवळच्या शाळेने किंवा महाविद्यालयाने मदतीला चार विद्यार्थी द्यावेत, नमुन्याची गणिते संख्याशास्त्राच्या शिक्षकाने तपासावीत, आणि जे निघेल ते ग्रंथपालाच्या नावाने जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिवेशनात वाचले जावे. शाळांत तर पूर्णवेळ ग्रंथपाल मोठ्या शाळांनाच मिळतो. बाकी ठिकाणी कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाच्या खिशात असते. ती किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा लेख आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

सुरुवात केव्हा करावी, असे विचाराल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. शाळा उघडण्याच्या बेतात असतात, पेरण्या सुरू व्हायच्या असतात, आणि फवारणीचा जोर चढायला अजून पाच-सहा आठवड्यांचा अवधी असतो. शंभर पानी वही पुरेल. तिला दोरी बांधून पेन लावून ठेवावे, नाहीतर पेन राहत नाही.